तुझ्या चष्म्याचा घोळ

प्रिय मावशी,

तीन वर्षं पोटात ठेवलेलं आज सकाळी लिहायला घेतलं. प्रशिक्षण केंद्राच्या फॉर्मवर तू शिवणकामासमोर पेन्सिलीने खूण केलीस आणि मला म्हणालीस, "शाईने गिरव." मी ती खोडून मोटर रिवाइंडिंगसमोर शाईची खूण केली. फॉर्म तूच देऊन आलीस. तुझ्या मशीनशेजारी माझं मशीन कुठे ठेवायचं हेही तू ठरवलं होतंस, म्हणून मला बोलवेना.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा बाबा माझ्यावर उखडले. तू मध्ये पडलीस. "तिला कशाला बोलता भाऊजी, माझ्या चष्म्याने घोळ घातला." मी तो घोळ तुझ्याच नावावर राहू दिला. पुढे तांब्याच्या तारेचे वेढे घालता घालता हात बसला. आता जळलेली मोटर मी वासावरून ओळखते, आणि पाच कारखान्यांत "मॅडमनाच बोलवा" म्हणतात. तरी तुझा चष्मा टोचत राहिला.

इथवर लिहिलं आणि तुझा निरोप आला, की शिलाई मशीन अडलंय. मी आले तेव्हा तू बाहेर गेली होतीस. तेलाची बाटली शोधताना खणात त्या फॉर्मची पोचपावती सापडली. ती फॉर्म देणाऱ्यानेच भरायची असते. अभ्यासक्रमापुढे तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलंय, मोटर रिवाइंडिंग.

पावती होती तिथेच ठेवली. मशीन चालू केलंय. हे पत्र मात्र माझ्या हत्यारांच्या पेटीत, पकडीखाली राहील. तुझ्या नजरेला काहीही झालेलं नाही, मावशी. तेव्हाही नव्हतं.

तुझीच,
घोळातून निघालेली भाची