इंदुमती परत गेली, त्याबद्दल

मी, गोदावरी शंकर गायधनी, वय ७४, व्यवसाय शिवणकाम, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझा धाकटा भाऊ चि. आल्हाद याला तो पटणार नाही, म्हणून सोबत जोडला आहे.

राहता फ्लॅट स्वकष्टार्जित आहे. तो व बँकेतील ठेव माझी मुलगी मृण्मयी हिला मिळावी. इतर कोणाचा हक्क नाही. शिलाई मशीन निकिताला. माझ्या हाताखाली इतक्या जणी शिकल्या, पण साडीला फॉल सरळ लावते ती एकटीच.

माझे पती कै. दिवाकर ओझरच्या कारखान्यात होते. कामावर जाताना घराला बाहेरून कुलूप लावीत. त्या काळात शेजारणीने खिडकीतून एक कादंबरी दिली. तिच्यातली इंदुमती असलाच संसार सोडून निघते. पुढच्या सुट्टीला, हे दुपारचे झोपले असताना, मीही मृण्मयीला कडेवर घेऊन निघाले. त्या लेखकाला मी देव मानत आले.

चाळीस वर्षांनी त्याने दुसरा भाग काढला. त्यात इंदुमती म्हातारपणी परत जाते, नवऱ्याची माफी मागते आणि त्याला पिठलं करून वाढते. मला फार वाईट वाटले. पुस्तक आल्हादनेच आणून दिले होते. म्हणाला, "ताई, बघ, शेवटी तिलाही कळलं."

ते पुस्तक त्याला परत द्यावे. शेवटचे प्रकरण मी कात्रीने काढले आहे, आता बरे वाचवते. पहिला भाग मृण्मयीला. तिने लेखकावर राग धरू नये, माणसे म्हातारी होतात.

आल्हाद रामकुंडावर उपाध्येपण करतो, तेव्हा माझा दहावा तोच करणार. पिंडाला कावळा शिवला नाही की मयताची इच्छा राहिली म्हणून जो तो काहीबाही कबूल करत सुटतो. आल्हाद म्हणेल, "ताई, तुझा फोटो भाऊजींच्या शेजारी लावतो." हे त्याने बोलू नये. नेमका त्याच वेळी कावळा आला, तर माझ्या जन्माचा निकाल तो लावून जाईल.

हात फक्त मृण्मयीने जोडावेत आणि म्हणावे, "आई, तू निघालीस ते बरं केलंस." तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करावा व सर्वांनी घरी जाऊन जेवावे.

नाशिक, दि. ११ जुलै २०२४
सही: गोदावरी शंकर गायधनी

साक्षीदार: १) मोतीराम सखाराम बोरस्ते २) तेजस्विनी अनिल शौचे
दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या. दुसरा भाग दोघांनीही वाचलेला नाही.