सोनाउल्लांच्या अकरा वह्या

आधी आली ती शेजारची शकुबाई, धापा टाकत. "चांगुणे, स्टँडवर दोन बाया तुझ्या मालकाचं घर इचारून राहिल्या. काश्मीरच्या हाय म्हणत्यात!" मागोमाग त्या दोघी आल्या, आणि त्यांच्यामुळेच आज हे मृत्युपत्र लिहायला बसले.

मी चांगुणा किशनराव खिल्लारे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण दुसरी, राहणार पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. कुणाच्या धाकाने लिहीत नाही. उलट परवापासून फार खुशीत आहे.

१. घर आणि दोन एकर मुलगा प्रेमानंद याला. अट खाली आहे.

२. खाटेखालची लोखंडी पेटी आणि अकरा उर्दू वह्या रुकय्याला. परवा आलेल्या दोघींतली थोरली ती, सोनाउल्ला डार यांची लेक. सोनाउल्ला तीस वर्षं दर हिवाळ्यात शाली विकायला यायचे, उतरायचे आमच्या ओसरीवर. आमचे मालक निजामाच्या काळात चौथीपर्यंत उर्दू शिकलेले, म्हणून दोस्ती जमली. सोनाउल्लांचं म्हणणं, काश्मीर दोन्ही देशांपासून वेगळं, आपलं आपण असावं. सभेत तसं बोलले म्हणून दोनदा तुरुंगात गेले. बंदूक नको म्हणाले म्हणून बंदूकवाल्यांनी गावातून काढलं. मालकांना त्यांचं काही पटत नसे. रोज भांडण, रोज एका ताटात भाकर. तिकडे झडती व्हायची, म्हणून वह्या इथेच लिहिल्या, इथेच ठेवल्या. मालक गेले, मग सहा वर्षांमागे तेही गेले. मी दरसाल वह्यांना ऊन दाखवून लिंबाचा पाला घालते. वाचता येत नाहीत.

प्रेमानंदला वाटलं, उर्दू म्हणजे आजोबांच्या इनामी जमिनीचे कागद. एक वही घेऊन परभणीला भाषांतरवाल्याकडे गेला. तो म्हणाला, "भाऊ, ही जमीन पुसेगावची न्हाई, काश्मीरची हाय." पोरगं घाबरून वही तिथेच टाकून आलं. घरी येऊन म्हणतं, "आई, बाकीच्या जाळून टाकू."

मी म्हणाले, "तुझ्या बापाला त्यातलं काहीच पटलं न्हाई, तरी त्यानं सांभाळल्या. तुला तर वाचताबी येत न्हाई, तू काहून जाळतो?"

तेव्हा अट अशी: एक जरी वही जळाली, तर घर आणि जमीन माझी नात साक्षी हिला.

वडिलांचं अक्षर पाहून रुकय्या ओळींवरून नुसतं बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, परभणीची वही सोडवून आणते, सगळ्या एकदम नेते. लेकीला घेऊन लगेच निघालीसुद्धा. चहा अर्धाच प्याल्या.

३. माझी हिरवी शाल शकुबाईला. तिचा डोळा आहेच. माझा पाटा-वरवंटाही तिच्याकडेच आहे, तो आता राहू द्यावा.

४. मालकांचा पुतण्या विश्वंभर याला काही नाही. पारावर सोनाउल्लांना नाही नाही ते बोलला आणि दुसऱ्या दिवशी दोन शाली घेऊन गेला. वकील म्हणाले, ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चांगला. म्हणून सहीला त्यालाच बोलावलं. आला बिचारा.

५. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाला रडारड नको. वरण नीट शिजवावं.

साक्षीदार: विश्वंभर, धर्मसिंग, दोघे राहणार पुसेगाव. माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: चांगुणा किशनराव खिल्लारे
पुसेगाव, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

पेटीची किल्ली माझ्या कमरेला आहे. मी नसले तर प्रेमानंदने स्वतः स्टँडवर जावं. त्या दोघी शनिवारी, २२ तारखेला, दुपारच्या बसने येतो म्हणाल्या आहेत.