दुसऱ्यांच्या नावाच्या डब्या

१२ जानेवारी २०१६
आज कामावर लागलो. भूमहून औरंगाबादला यायला काल एसटीत अख्खा दिवस गेला, पण शीण नाय. टीबीचं काम करणाऱ्या संस्थेच्या हापिसात पुंडलिक सरांनी नाव लिहून घेतलं. बिभीषण म्हटल्यावर हसले, लंका सोडून आलास का म्हणाले. मी म्हटलं, मेंढरं सोडून आलो. खोटं नाय ते. सातवीत शाळा सुटली, मग मेंढरं, मग साखर कारखाना, मग पुण्यात हॉटेल. एका जागी वर्ष काढलं नाय कधी.

इथं मात्र मोटरसायकल दिली! संस्थेची हाय, पण किल्ली माझ्या खिशात. काम एवढंच की फुलंब्रीच्या अंगाला आरोग्याची तीन उपकेंद्रं हाईत, तिथून टीबीच्या संशयितांचा बेडका डब्यांत गोळा करायचा आणि तालुक्याच्या लॅबला पोचवायचा. राहायला मोहरदरीच्या उपकेंद्रामागची खोली. खिडकी हाय, पंखा हाय, पाणी टँकरचं. संध्याकाळी गुलमंडीतनं दोन शर्ट घेतले.

२० जानेवारी
लॅबच्या दिपाली मॅडमनी ही वही दिली. पहिल्या दिवसाचं सुट्या कागदावर लिहिलं व्हतं, ते हिच्यात उतरवलं. डब्यांवरची नावं वाचता येत नाईत, रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारंल म्हणाल्या. त्या कडक हाईत, पण शिकवतात. थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा, हे मला त्यांनीच दाखवलं. थुंकी पातळ, फेसाची. तिच्यात काय सापडत नाय. बेडका छातीतनं खोकून काढलेला पायजे, घट्ट, पिवळा नायतर हिरवट, डबी कलती केली तर गोगलगायीसारखा सरकणारा. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. आता जेवून निघतो.

एका माणसाच्या दोन डब्या. एक तिथल्या तिथं घेतलेली, एक दुसऱ्या दिवशी सकाळची. दोन्हीत जंतू नाय सापडले तर टीबी नाय, कागद बंद.

उपकेंद्राच्या मागं खड्ड्यात जुन्या डब्या पडल्यात. जाळायच्या असतात, कोण जाळत नाय. उन्हात उघड्या, आत वाळलेली पापडी, वर माशा. तालुक्याला फरशी पुसलेली असते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तर बूट बाहेर काढावेसे वाटतात. वर जावं तशी फरशी चकचकीत व्हत जाते. डबीतला माल मात्र आमच्याच खालच्या हातचा.

९ फेब्रुवारी
आज बानाबाईकडं गेलो. धनगराची म्हातारी, कॅनॉलच्या कडंला पालात एकटी राहते. पोरगा मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलाय चाऱ्यासाठी. आमच्याच जातीची, बोलणं आईसारखं. खोकताना दोन्ही हात गुडघ्यावर टेकते. तिचा बेडका मॅडमला पायजे तस्सा निघाला, घट्ट, वर रक्ताची तार. मी तोंड फिरवलं तर हसली. म्हणाली, मेंढरांच्या नाकातला शेंबूड काढलास की नाय लेकरा, मग मला काय लाजतो.

बरी व्हईल ती. सहा महिने गोळ्या खाल्ल्या की माणूस बरं व्हतं, मॅडमच म्हणाल्या.

११ फेब्रुवारी
गावं रिकामी हाईत. कोण ऊसतोडीला, कोण शहरात बांधकामावर, उरलेले टँकरच्या रांगंत. हंडा सोडून कोण खोकायला येतंय? आठवड्याला वीस माणसं तपासायचा नेम हाय, माझी सातच झाली. पुंडलिक सरांना सांगितलं तर ते वहीतनं मान वर न करता बोलले,

“तोंड तुझ्याजवळ हाय ना?”

मला आधी कळलंच नाय. मग त्यांनी समजावलं. थुंकीत काय सापडत नाय, कागद बंद व्हतो, कुणाचं वाकडं व्हत नाय. आधीचा पोरगाबी तसंच करायचा. फक्त तंबाखू खाल्ली असली तर आधी चूळ भर, मग थुंक म्हणाले.

खोलीत बसून गावच्या यादीतल्या तेरा जणांच्या नावावर थुंकलो, सव्वीस डब्या. दहानंतर तोंड कोरडं पडलं. चिंच डोळ्यापुढं आणली. सोळाव्याला स्वतःचाच वास आला.

१२ फेब्रुवारी
एक चूक झाली. बानाबाईच्या दोन्ही डब्या एकाच पिशवीत व्हत्या. रस्त्यावर गाडी उसळली, खोका आडवा झाला, झाकणं सुटली. सगळं पिशवीत. गळकी डबी आणली तर तुझ्या डोक्यावर ओतीन, असा मॅडमचा दम व्हता. माघारी जायचं तर पंधरा किलोमीटर. नोकरी जाईल, गाडी जाईल असं वाटलं. बाभळीखाली थांबून डब्या पाण्यानं धुतल्या आणि दोन्हीत थुंकलो.

पुढल्या हप्त्यात आणीन तिचा खरा.

२६ फेब्रुवारी
बानाबाईचा कागद बंद झाला. तालुक्याच्या डॉक्टरनं खोकल्याची बाटली दिली. नवीन डबी देतो म्हणालो तर पुंडलिक सर म्हणाले, दोन निगेटिव्ह झाल्यात, म्हातारी कागदावर बरी हाय.

ती बाटली उशाला ठेवते. माझ्या हातनं आली म्हणून देवाचं तीर्थ असल्यासारखी घेते. हाताची हाडं मोजता येतात.

१४ मार्च
सकाळी उठलो तर डब्या भरलेल्या. काल रिकाम्या मांडल्या व्हत्या, नावं लिहून, आज थुंकायचं म्हणून. आता भरल्यात. माझ्या थुंकीनं नाय. घट्ट, हिरवट, प्रत्येकात रक्ताची तार. झाकणं लावलेली. खोलीला आतनं कडी.

पुंडलिक सरांनी कुणाकडनं करून घेतलं असंल. कडी आतनं व्हती, पण असंल. घेऊन गेलो. मॅडम खूश. आता खरा बेडका आणायला लागलास म्हणाल्या.

२१ मार्च
सगळे पॉझिटिव्ह. एकूणएक. मॅडमनी मला दुर्बिणीत बघायला लावलं. निळ्या जमिनीवर जंतूंच्या लाल काड्या, पेरल्यासारख्या, जागा नाय. नोकरीत एवढं पीक बघितलं नाय म्हणाल्या.

ज्यांची नावं व्हती त्यांना गोळ्या चालू झाल्या. कारभारी म्हणून एक हाय, पोती उचलतो, कधी शिंकलेला नाय. त्याला गोळ्यांनी लघवी तांबडी व्हते, ओकाऱ्या व्हतात. बायकोनं त्याचं ताट वेगळं केलंय.

आज डब्या परत भरल्या.

३० मार्च
बानाबाईला चोरून डबी दिली. सरांना नाय विचारलं. लई खोकली. आडवी पडून खोकली. निघालं काय, तर चमचाभर पातळ पाणी. तिलाच नवल वाटलं. म्हणाली,

“छातीतलं कोणतरी उपसून नेतंय रं लेकरा. पहाटं पहाटं येतंय.”

मी पहाटंच्या डब्या आठवल्या. तशीच रक्ताची तार. पालाबाहेर जाऊन ओकलो.

तिच्या डबीत काय सापडलं नाय.

४ एप्रिल
तिला गाडीवर माझ्या पाठीला फेट्यानं बांधून मोठ्या दवाखान्यात नेली. वजन नाय काय. डॉक्टर चांगला. फोटो काढला, छातीत भोकं हाईत म्हणाला. पण बेडका पायजे, मशीनला घालायला. डबी दिली. निघंना. परत पाणी. मशीन निगेटिव्ह म्हणाली. जुने कागद बघितले, तिथंबी निगेटिव्ह. डॉक्टर बुचकळ्यात. कॅन्सर बघू म्हणाला.

मी सांगायला गेलो की त्या डब्या माझ्या व्हत्या. तोंड उघडलं आणि— घशातनं वर आलं. तोंडभर. घट्ट. कोमट. डॉक्टर बघत व्हता. चकचकीत फरशी. थुंकायला जागा नाय.

गिळलं.

५ एप्रिल
मॅडमपुढं गेलो. बानाबाई म्हणायला ‘बा’ काढला की भरतं. दुसरं बोललो तर भरत नाय. हवापाणी बोललो, गाडीचं बोललो— काय नाय. तिचं नाव काढलं की येतंय. मॅडम विचारत्यात, आजारी हाईस का. मान हलवली. पळालो.

चव जात नाय. चहात तीच. पाण्यात तीच.

म्हातारी दवाखान्यात कॉटवर. श्वास शिट्टीसारखा. उद्या घरी पाठवणार म्हणे. औषध नाय— कशाचं देणार, कागदावर काय नाय.

६ एप्रिल
बोलता येत नाय तर लिहिता येतंय. अक्षर सुधारायला दिली व्हती वही, तीच मॅडमच्या टेबलावर ठेवीन.

मॅडम, बारा फेब्रुवारीच्या डब्या माझ्या थुंकीच्या. तिच्या सांडल्या. तिला टीबीच हाय. आजच्या आज गोळ्या चालू करा. मरायली ती. कारभारीच्या बंद करा, त्याला काय नाय. बाकीची नावं चिठ्ठीवर—

यायलंय.

डबीत थुंकलो. भरली. दुसरी घेतली. लिहितोय तवर येतंय. हातानं तोंड धरून लिहितोय. बोटांतनं गळतंय—

सगळ्या डब्या भरल्या. हंडा घेतला.

नाकातनं पण. श्वास—

वही उचलून पळायचं, लॅब उघडी असंल. पण नाव नीट लिहिलं पायजे, नायतर दुसऱ्या कुणाला देतील गोळ्या. पूर्ण नाव लिहितो. मॅडम, हिला द्या. हिलाच. बानाबाई त्रिंबक शिंगा

शाई पसरली. परत लिहितो. कोरडा कागद नाय कुठंच. बानाबाई त्रिं