कुत्र्याच्या पानातलं लिंबू

कुत्र्याला लिंबू लागतं हे मला अजून पटलेलं नाही, अप्पा. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तरी नाही. त्या खानावळीत अव्वासमोर तुम्ही मोठ्या आवाजात म्हणालासा, "हितल्या कुत्र्यांस्नी लागतंय," आणि पाण्याचा तांब्या असा आपटलासा की पुढं कुणी काही विचारू नये. पण ते कुत्रं तिथलं नव्हतंच. आपलं होतं, शिरोळचं, आपल्या दारात वाढलेलं तांबडं. मी तेव्हाच बोलणार होतो, तर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंसा की मी खाली मान घालून भात कालवत बसलो. शाळा सोडून घरी बसलेल्या पोरानं बापाला उलटं विचारायचं नसतं. आता मी माझं कमवून खातोय. आता विचारतो.

इथं मी सोनं गाळायच्या दुकानात आहे. लांब दक्षिणेला, समुद्राच्या काठी. भट्टीपुढं दिवसभर बसायचं आणि सुटी झाली की मालकाच्या समोर एका टबात हात धुवायचे. ते पाणी तो फेकत नाही, गाळून ठेवतो. नखातून जरी सोनं बाहेर गेलं तरी त्याच्या पोटात दुखतं. मग केस झाडायचे, खिसे उलटे करायचे. पहिल्या दिवशी मला राग आला होता. मग वाटलं, यात नवीन काय आहे? अव्वा तुमचा शर्ट धुवायला घ्यायच्या आधी हुंगायची, ते मी बघितलंय. तुम्ही अंघोळीला गेलासा की न्हाणीच्या दाराकडं एक डोळा ठेवून हुंगायची. संशय मी इथं येऊन शिकलो नाही. घरातूनच आणलाय.

तुम्ही टेम्पोत भाजी भरून घाट उतरायचासा, मालवणच्या बाजूला. अव्वा पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापायची, वर शेंगदाण्याची चटणी, आणि सगळं धुतलेल्या धडप्यात बांधून द्यायची. गळ्यात लिंग असलेल्या माणसानं त्या मुलखात पाणीसुद्धा बघून प्यावं असं तिचं म्हणणं. तिथल्या भांड्याभांड्याला माशाचा वास. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलासा की धडपं रिकामं यायचं, चुराही नाही. मग ती शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्यात भाईरचं चालत न्हाई. घाटाखाली जाऊन बी माझ्याच हातचं खात्यात." तुम्ही मान हलवायचासा. आणि तांबडं तुमच्या पायाशी पडलेलं असायचं, पोट फुगवून. गाडी राखायला सोबत नेतो म्हणायचासा. भाजीच्या टेम्पोला कसली राखण, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मग त्या उन्हाळ्यात अव्वानं हट्ट धरला. समुद्र बघायचा. तुम्ही किती कारणं सांगितलीसा! ऊन हाय, गाडी तापतीया, तिथं बघाय काय हाय, नुसतं पाणी. आपल्या कृष्णेला पूर येतो तेवढंच पाणी, म्हणालासा. ती ऐकेना. शेवटी आपण तिघं आणि तांबडं असे केबिनमध्ये चेपून बसलो. अव्वा लुगडं धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. मग म्हणाली, "खारं नसतं तर केवढा ऊस भिजला असता." तुम्ही हसलासा. त्या दिवशीचं तुमचं ते शेवटचं हसू, कारण मागं वळून बघतोय तर तांबडं नव्हतं.

ते वाळू ओलांडून सरळ निघालं होतं. वास घेत नाही, थांबत नाही, सरळ. माडाच्या झापांखाली एक खानावळ होती, तिच्या कोपऱ्यातल्या बाकाखाली जाऊन ते पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडलं. घरच्यासारखं. तुम्ही हाका मारल्यासा, शिव्या दिल्यासा, हललं नाही. "सावली बघून बसलंय," तुम्ही म्हणालासा. उकाडा असा होता की माझा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तुम्ही मात्र गळ्यापर्यंतचं बटण लावून घेतलंसा. लिंग आत गेलं. ते मी बघितलं. सवयीचा हात होता तो.

आतून खानावळवाली आली. चांगली जाडजूड, कपाळावर घाम, हातात उलथनं. मागं तिचा नवरा मासळी साफ करत बसला होता. तुम्हाला बघून म्हणाली, "येवा. आज लवकर इलास?" मग तिला अव्वा दिसली, आणि तिचं तोंड मिटलं. अव्वा बाकावर बसली. कुत्रं येईना म्हणून बसली, का मुद्दाम बसली, हे आजही मला ठरवता येत नाही. बसलोय तर काही घ्यायला पाहिजे म्हणून तुम्ही आपल्या दोघांपुरता साधा डाळ-भात सांगितलासा. पण पहिलं पान आलं ते तुमच्यापुढं. बाईचा हात, डोक्याला विचारायच्या आधीच चालला असणार. तळलेला बांगडा, रव्यात घोळलेला, लाल. बाजूला कांदा, आणि लिंबाची फोड.

"कुत्र्याचं हाय ते," तुम्ही म्हणालासा. "खाली ठेवा."

बाईनं तुमच्याकडं बघितलं, मग अव्वाच्या गळ्याकडं. हुशार बाई. "होय तर, कुत्र्याचाच," म्हणाली आणि ताट बाकाखाली सरकवलं. "गुणी आसा हां तुमचो कुत्रो."

"कुत्र्याला लिंबू?" डाळ-भात आल्यावर अव्वानं विचारलं. तेव्हा तुम्ही ते तांब्या आपटून दिलेलं उत्तर दिलंसा.

आणि तांबड्यानं घात केला, अप्पा. त्यानं त्या बांगड्याचा वास घेतला, लिंबाला नाक लागलं तसं शिंकलं, आणि बाकाखालनं बाहेर आलं. अव्वाच्या पुढ्यात बसलं. तिच्या मांडीवर घरनं आणलेलं भाकरीचं गठुळं होतं, त्याच्याकडं बघून त्यानं पुढचा एक पाय वर उचलला. घरी ते असं कधीच करायचं नाही. घरी त्याला परड्यात तुकडा टाकायचो आणि ते पळत येऊन खायचं. पाय उचलून मागायला त्याला कुणी शिकवलं होतं? त्या कोपऱ्यातल्या बाकावर, धडप्याची गाठ सुटली की?

अव्वानं गाठ सोडली. भाकरी मोडली, चटणी बाजूला केली, आणि हातानं त्याला भरवली. सगळी. "खा बाबा," म्हणाली, "तुझीच हाय ती." बाईनं शहाळं फोडून आणलं तेवढं ती प्याली. आणि तुम्ही डाळ-भाताचे चार घास गिळलेसा. पायाशी बांगडा थंड होत होता.

येताना घाटात गाडी तापली म्हणून थांबलो. अव्वा केबिनमध्ये झोपली होती, का डोळे मिटून होती. मी रेडिएटरमध्ये पाणी ओतता ओतता विचारलं, "अप्पा, तुम्ही मासं खातासा व्हय?" तुम्ही म्हणालासा, "तुझं डोळं पोलिसाचं हायती. बापावर नजर ठेवायची न्हाई." मग, माझ्याकडं न बघता, "तिनं दिल्याली भाकरी मी कधी टाकली न्हाई. जित्या जिवाच्या पोटातच गेलीया." याला मी कबुली धरू का? मी धरली नाही. मला सरळ उत्तर पाहिजे होतं, एक व्हय नाहीतर एक न्हाई. त्यावरनं आपलं जे वाजलं ते वाजतच राहिलं. त्या बाईवरनंही मी नको नको ते मनात आणलं. तिचा नवरा तिथंच बसलेला असायचा हे आठवायचं, तरी आणायचो.

पण खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती तुम्हाला माहीत होती की नाही तेच मला कळत नाही. पुढच्या खेपेला अव्वानं परत पहाटे उठून भाकरी थापल्या. मी अंथरुणातनं बघत होतो. धडप्यात भाकरी ठेवल्या, तूप लावलं आणि गाठ मारली. चटणी नाही. कुत्र्याला तिखट कशाला? त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. परत कधीच नाही. आणि शेजारणीला सांगायचं तिनं बंद केलं नाही, "माझ्याच हातचं खात्यात." तुम्ही गठुळं सोडल्यावर चटणी दिसत नव्हती, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? तिला कळलंय हे कळलं असेल, आणि तरी दर खेपेला मान हलवत राहिलासा, तर तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटाच पोलीस, असं झालं की. छातीत कळ येऊन तुम्ही एका दिवसात गेलासा. विचारायचं राहिलं. तांबडंही पुढं मेलं.

परवा अव्वाचा फोन आला. तुम्ही गेलासा तो दिवस जवळ आलाय. जंगमांना जेवायला बोलावलंय, सगळं नेहमीसारखं. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "त्या खानावळीला मनीऑर्डर कर. कुत्र्याला एक पान घालाय सांग. तळल्यालं."

"कुठल्या कुत्र्याला, अव्वा? आणि आपलं तर मासं खात बी नव्हतं."

"असंल तिथं एकादं. तू इचारू नगंस." मग, "आणि लिंबू ठेवाय सांग बाईला." फोन ठेवून दिला.

हे कागद माझ्या पेटीतच राहतील, कुठं टाकणार? पण एक सांगतो. इथं रविवारी मी वाळूवरच्या मासळीच्या गाड्यावर जेवायला जातो. दुकानापुढचं एक कुत्रं मागं येतं. अव्वानं फोनवर विचारलं की मी सांगतो, खोलीवर भाकरी करून खातो. करतोही. ती त्या कुत्र्याला घालतो.

खानावळीत आता मासळीच्या पानाला पंचेचाळीस घेतात, तिकडच्या एका ड्रायव्हरनं सांगितलं. लिंबाचे वेगळे लावले तर कमी पडायला नकोत. पन्नास रुपये पाठवतोय.