शांततेचे बावीस दिवस

५ मार्च १९८४, सोमवार
सेफ्टी वीक सुरू. सकाळी गेटवर सगळ्यांनी शपथ घेतली. शपथेचे सायक्लोस्टाइल कागद मीच वाटले. पोलाद कारखान्याच्या सेफ्टी डिपार्टमेंटात अकरा वर्षं कारकुनी झाली, शपथ आता पाठ आहे.
घरची शपथ मात्र आज पहिल्यांदा. परवा शनिवारी नरूला मारलं. साडेचार वर्षांचं पोर. माझ्या ऑफिसच्या रजिस्टरवर त्यानं शाईनं इंजिन काढलं होतं. एकच चापट, पण अशी बसली की त्याची चड्डी ओली झाली. तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. आमचे वडील देवराव रेल्वेत गार्ड. डोंगरगढच्या क्वार्टरमध्ये त्यांचा पट्टा खुंटीवर असायचा, आणि तो खुंटीवर नसला की आम्ही भावंडं बाहेर पळायचो. मी तसा बाप होणार नाही. लेखी देतो.
ठराव: (१) हात उचलणार नाही. (२) आवाज चढवणार नाही. (३) पोरांना काहीही झालं तरी ती आधी माझ्याकडे आली पाहिजेत. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा.

६ मार्च
रात्री कल्पना सुचली. प्लांटच्या गेटवर बोर्ड असतो, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा. तसाच घरी. दुर्गाची जुनी पाटी समोरच्या खोलीत लावली. वर पेंटनं लिहिलं, शांततेचे दिवस. खाली खडूनं ०. मारामारी नाही, रडारड नाही, मोडतोड नाही, तर एक दिवस वाढणार. काही घडलं की परत शून्य. पाडव्याला आकडा वीसच्या वर असला तर मैत्री बागेत प्राणी बघायला आणि आईस्क्रीम.
दुर्गा सात वर्षांची, हुशार. तिनं विचारलं, पडलो तर? मी म्हणालो, पडणं हा सुद्धा अपघातच. तिनं मान डोलावली. सिस्टीम समजली.
शैला म्हणाली, हे काय नवीन काढलं. बायकोचा पाठिंबा नसताना पुरुषानं किती काम करायचं?

७ मार्च
दुर्गानं नरूला दिवाणावरून ढकललं. मी रागावलो नाही. दोघांना समोर स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात समजावलं. चाळीस मिनिटं. घटना का घडते, मूळ कारण काय, ती टाळता कशी आली असती. नरू मध्येच झोपला. शैला दारातून म्हणाली, एक धपाटा द्या अन मोकळे व्हा, जेवण थंडं होऊन राहिलं.
नंतर सगळ्यांसमोर आकडा पुसला (तसाही शून्यच होता) आणि रात्री कोणाशी बोललो नाही. शिक्षा म्हणून नाही. मन दुखलं होतं, इतकंच.

९ मार्च
नरूनं कप फोडला. पुन्हा स्टूल. यावेळी अर्धा तास. मग अबोला. झोपताना नरू माझ्याजवळ आला आणि म्हणाला, बाबा, मारून घ्या ना.
किती मोठी गोष्ट आहे ही! चुकीची जाणीव स्वतःहून. मी काही बोललो नाही, कारण अबोला सकाळपर्यंतचा ठरला होता.

१४ मार्च
पाटीवर ४. शनिवारी परत शून्य झालं होतं, पण रविवारपासून एक घटना नाही. माझा विश्वासच बसत नाही. म्हणजे बसतो.
शेजारच्या पंजाबरावांची पद्धत बघा. रोलिंग मिलमध्ये मशीनच्या आवाजात ओरडायची सवय, ती घरी पण चालू. आज दुर्गा आणि नरू त्यांच्या झाडाच्या कैऱ्या तोडत होते, तर अंगणातून ओरडले, अबे पोट्टेहो, उतरता का घेऊ काठी! अख्ख्या सेक्टर टेनला ऐकू गेलं असेल. आणि पोरं संध्याकाळी कुठे? त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच हातचं मीठ लावलेली कैरी खात.
कसलंही तत्त्व नसलेल्या माणसाकडे मुलं आकर्षित होतात. वय लहान आहे. समजेल.

१८ मार्च, रंगाचा दिवस
८. रंग खेळून पण रडारड नाही. नरूच्या डोळ्यात रंग गेला असावा, कारण दुर्गा त्याला ओढत मागच्या नळावर घेऊन गेली आणि दहा मिनिटांनी दोघं हसत बाहेर आले. मी विचारलं, काय झालं? दोघं एकदम म्हणाले, कुछ नहीं. घरात हिंदी बोलू नये असा नियम आहे, पण दुर्लक्ष केलं. मोठं मन लागतं.

२१ मार्च
११. घरात एक वास येतोय. कुजका. समोरच्या खोलीत जास्त.
कपाट सरकवलं, उंदीर नाही. कामाला येणाऱ्या तुळसाबाईला विचारलं. ती उतई गावाहून बसनं येते, घाईत असते. म्हणाली, मोला का मालूम साहेब, मैं तो रोज पोछा मारथंव. मेंटेनन्सला अर्ज दिला, गटाराची तपासणी व्हावी.
दुर्गाचं मात्र कौतुक. सकाळपासून खोलीभर पावडर शिंपडून राहिली आहे. नरूच्या गळ्यात पण पावडर. स्वच्छतेची आवड अशी आतून यावी लागते.

२३ मार्च
१३. वास कायम.
नरूमध्ये किती फरक! आधी मी आलो की मांडीवर चढायचा. आता खिडकीजवळ एकटा बसतो, शांत, हातात रुमाल. रुमाल! मी तीस वर्षांचा होईपर्यंत शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होतो. मी जवळ बोलावलं तर म्हणाला, इथंच ठीक आहे. स्वावलंबी झाला आहे.
मांडी जरा रिकामी वाटते. पण हे माझं खाजगी.

२४ मार्च
१४. आज ड्यूटीवर एक प्रकरण. एका लहान ठेकेदारानं मजुराचा भाजलेला हात चार दिवस लपवला. वर कळलं तर आपलं काम जाईल म्हणून मजूर पण गप्प. त्याला रोज आणून खुर्चीवर बसवायचे, हजेरी पूर्ण. साहेबांनी मला रिपोर्ट लिहायला सांगितला. मी शेवटी एक वाक्य टाकलं: जखम लपवली जाते तेव्हा दोष जखमी माणसाचा नसतो, ऐकणाऱ्याचा असतो. साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, शामसुंदर, ये बात दीवार पे लिखने लायक है.
घरी येऊन शैलाला वाचून दाखवलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

२६ मार्च
१६. मेंटेनन्सचा माणूस येऊन गटार उघडून गेला. काही नाही म्हणाला. मी त्याला नाक आहे का असं विचारलं, अर्थात मनात.
आता संशय पंजाबरावांवर. ते सुके बोंबील आणतात. अंगणात जाऊन सभ्य शब्दांत सुचवलं. ते आधी हसले, मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, शामभाऊ, आमच्याकडं महिन्यापासून बोंबील नाही. तुमच्या घरातच पाहा जरा. लेकराईकडं पाहा.
मुद्दा बदलायची सवय असते काही लोकांची.
नरू आज सातलाच झोपला. जेवला पण नाही. हाक मारली तर फक्त हुं म्हणाला. शिस्त अंगात मुरली की झोप वेळेवर येते.

२८ मार्च
१८! वास गेला!! पूर्ण!
दुसरा अर्ज मी जरा कडक लिहिला होता, त्याचाच परिणाम. मेंटेनन्सला आभाराचं पत्र टाकलं.
घर एकदम प्रसन्न. शैलानं पाटोडीची भाजी केली, न मागता. दुर्गानं माझे बूट पुसून ठेवले. नरू थोडा उतरलेला दिसतो, पण हसला. पंजाबराव कुंपणावरून म्हणाले, आता बरं वाटते ना? मी म्हणालो, एकदम. ते म्हणाले, तुमचं कौतुक हाय बा. माणसात सुधारणा होऊ शकते.

३१ मार्च
२१. टारगेट पूर्ण. उद्या रविवारी मराठी मंडळात पालकांसाठी माझं भाषण. विषय मीच दिला: मुलांवर हात न उचलता. भैय्याजी सेक्रेटरी आहेत, ते म्हणाले दहा मिनिटं. मी पस्तीस मिनिटांचं लिहिलंय. पाटी सोबत नेणार.

१ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ७
२२. हा आकडा खोटा आहे.
भाषण चांगलं झालं. चाळीसेक लोक. मी पाटी उंच धरली, टाळ्या पडल्या. म्हणालो, माझी मुलं माझ्यापासून काही लपवत नाहीत. शैला पहिल्या रांगेत पदराशी चाळा करत होती. मला वाटलं, अभिमान.
मग प्रश्नोत्तरं. पंजाबराव उठले. त्यांना माईक लागत नाही. म्हणाले, मी अडाणी माणूस, पण शामभाऊले मानलं. नरूनं नाकात चिंचोका घातला, आठ-दहा दिवस आत सडला, पोरगं तापानं फणफणलं, मी अन वहिनी त्याले मंगळवारी दवाखान्यात घेऊन गेलो, डॉक्टरनं चिमट्यानं काढला. दुसरा बाप राहता तर घर डोक्यावर घेतलं असतं. शामभाऊ मोठ्या आवाजानं बोलले नाही. शांतच. याले म्हणतात संयम.
पुन्हा टाळ्या. जास्त.
मी हसलो. पाटी हातात तशीच. म्हणालो, हो, प्रसंग कठीण होता.
ते मलाही या चाळीस माणसांबरोबरच कळलं. माझ्या मुलाच्या नाकात. माझ्याच घरात. आणि मी गटार उघडून बघत होतो.

त्याच दिवशी, ८.३०
सगळ्यांना विचारलं. शांतपणे.
तुळसाबाईला सोमवारीच समजलं होतं, ताप तिनं हात लावून बघितला. उतईहून बसनं येणाऱ्या बाईला सुद्धा समजलं. शैलाला तिनं सांगितलं. शैलानं पंजाबरावांना हाक मारली, कारण त्यांच्याकडे स्कूटर आहे. मला सांगू, मला सांगू, असं म्हणता म्हणता पाडवा आला, म्हणे. शिवाय पंजाबरावांना वाटलं की मला सांगितलं आहे.
शैलाला म्हणालो, तू सुद्धा? ती म्हणाली, तुमाले सांगितलं असतं तर तुम्ही लेकराले स्टुलावर बसवलं असतं अन चार दिवस भिंतीकडं तोंड करून बसले असते. तापातल्या लेकरासंगं मी ते कावून होऊ देऊ? तुम्ही मारता तेव्हा एक वेळचं रडणं असते. हे तुमचं न बोलणं कशापायी, ते पोरं घरभर शोधत फिरतात.
ज्या घरासाठी मी एक महिना आवाज गिळला, त्या घरानं मला असं बाहेर ठेवलं. अशी वेळ शत्रूवर येऊ नये.
दुर्गाला विचारलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चिंचोके तिचेच, खेळायचे. पावडर त्यासाठीच. रुमाल तिनंच दिला. मी विचारलं, माझ्याकडे का नाही आलीस? ती पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, पाडवा जवळ होता.
मी म्हणालो, पंजाबराव काका तर ओरडतात, त्यांच्यासमोर बरं बोलता तुम्ही. ती म्हणाली, काका ओरडतात, मंग संपते.

२ एप्रिल, पाडवा, सकाळी १०.१५
ड्यूटीला सुट्टी. शैलानं गुढी उभारली, मी दोरी धरली. नरू माझ्यापासून दोन हात लांब उभा होता, नवीन शर्टात. त्याच्या उजव्या नाकपुडीला अजून खपली आहे. मी ती आज पहिल्यांदा बघितली, इतक्या दिवसांत.
मागच्या नळावर हात धुवायला गेलो आणि रडायला आलं. का ते लिहिता येत नाही. आमचे वडील पट्टा घेऊन यायचे तेव्हा पण मी असं रडलो नव्हतो. विश्वासघात माझा झाला आहे, तरी मलाच लाज वाटत होती. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी असा आहे की कोणी सांगू नये, या दोन्ही गोष्टी एकदम कळल्या.
दुर्गा मागे कधी आली कळलं नाही. मला बघून घाबरली नाही. आधी मागचं दार लावलं. मग नळ मोठा सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. म्हणाली, बाबा, तोंड धुवा. मी धुतलं. फ्रॉकच्या टोकानं माझे डोळे पुसले, घासून नाही, टिपून. एक ग्लास पाणी दिलं आणि घोट घोट प्यायला सांगितलं. वीसपर्यंत मोजायला लावलं. मग दोन पावलं मागे होऊन तपासलं आणि म्हणाली, हसून दाखवा. मी हसलो. ती म्हणाली, असं नाही, दातं दिसले पाहिजे.
सात वर्षांच्या पोरीला हे सगळं इतक्या बिनचूक क्रमानं येत होतं. किती वेळा केलं असेल तिनं हे, या नळावर, नरूसाठी?
माझं बोट धरून तिनं मला पुढे आणलं. फाटकात पंजाबराव उभे, हातात पोरांसाठी साखरेच्या गाठी. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, काय झालं शामभाऊ, डोळे कावून लाल?
मी तोंड उघडायच्या आत दुर्गाच बोलली. काही नाही काका, कचरा गेला.
इतक्या शांत आवाजात बोलली की त्यांनी लगेच विश्वास ठेवला.