दवणा की नागदवणा, पान उलटून बघा

बाबा,

टेम्पोची किल्ली शोधू नका, ती माझ्या दप्तरात आहे. ओरडायचं तर संध्याकाळी ओरडा, आधी मागच्या शेडमध्ये जा. अत्तरवाल्या काकांसाठी तुम्ही काल काढून ठेवलेले ट्रे दवण्याचे नाहीत, नागदवण्याचे आहेत. हो, मी तुम्हाला शिकवतेय!

रोपं लहान असताना दोन्ही सख्ख्या बहिणी वाटतात, म्हणून पान उलटून बघा. दवण्याचं पान बारीक चिरलेलं आणि दोन्हीकडून राखाडी असतं. नागदवण्याचं रुंद, वरून हिरवं आणि खालून पांढरं. खरा दवणा पाण्याच्या टाकीपाशी आहे. काकांनी हे शेतभर लावलं असतं, तर अत्तर राहिलं बाजूला, आपल्या नर्सरीचं नाव गेलं असतं.

तुम्ही ट्रेवर कधी नाव लिहीत नाही. पान चुरगळायचं, हुंगायचं, झालं काम. पण त्या तापानंतर तुम्हाला वासच येत नाही ना? परवा दूध करपलं, तेव्हा तुम्ही गॅसशेजारीच पेपर वाचत बसला होतात. आईला मी काही बोललेले नाही. पण डॉक्टरांकडे जायचंच, मी सोबत येणार, आणि "बघू" म्हणायचं नाही.

काकांना फोन करून सांगा की रोपं संध्याकाळी येतील. शाळा सुटली की मी थेट शेडमध्ये येते. एकेका ट्रेतलं पान तुम्ही उलटा, मी हुंगते, मगच टेम्पो भरू.

तुमचं नवं नाक