दुसरं टोक

प्रिय धांदरट,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. वाचताना हसू आलं.

इकडच्या प्रयोगशाळेत मी आपल्या सरांचाच नियम लावलाय. फ्लास्क तापवण्याआधी धूर ओढणाऱ्या फ्यूम हूडच्या काचेवर लाल-निळ्या मार्करने दोन्ही रेणूंची ऑर्बिटलं, सर म्हणायचे तशी इलेक्ट्रॉनांची घरं, काढायची. एकाचं भरलेल्यातलं सगळ्यात वरचं, दुसऱ्याचं रिकाम्यातलं सगळ्यात खालचं. दोन्ही टोकांना लालसमोर लाल, निळ्यासमोर निळा आला, तरच आच द्यायची. काच पुसताना दर वेळी तू आठवतोस. दोन दुहेरी बंध जोडून चौकोन करायला निघाला होतास. एक टोक जुळलंय, दुसरं जुळेलच की, असं म्हणत आच वाढवत राहिलास आणि तळाशी राहिलं काळंकुट्ट डांबर. सर रागावले नाहीत. पुस्तकात या जोडणीला निषिद्ध म्हणतात, म्हणजे ते पाप नव्हे रे बाबा, म्हणाले, एका टोकाला जेवढी ओढ, तेवढीच दुसऱ्या टोकाला रेटारेटी. तापवून रंग बदलत नसतात. मग त्यांनी अतिनील दिवा लावला. एक इलेक्ट्रॉन वर चढला, रंगांची मांडणीच बदलली आणि तोच चौकोन गुपचूप तयार झाला. तुझा तो फ्लास्क घासता घासता आपलं जमलं. घासत मी होते, तू नुसता बोलत होतास.

चिंगी गेल्यावर तुझं बोलणं थांबलं. लेकीबद्दल बोलल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि तिचं नाव निघालं की तू ताटावरून उठून गॅलरीत जायचास. जरा सांभाळून घ्या, असं तुझी आई सांगायची, माझा भाऊ सांगायचा. आपण किती सांभाळलं! शेवटी एकमेकांना मीठ मागायचीही भीती वाटायला लागली, तेव्हा मी इथली नोकरी धरली. तुझं दुःख माझ्याइतकंच आहे, हे मला ठाऊक आहे. पण ते सांगितल्याशिवाय मला जगता येत नाही, आणि ऐकून तुला जगता येत नाही.

तू लिहितोस, प्रेम अजून आहे ना, मग बाकीचं जुळेल. रविवारच्या गाडीने घरी ये, दुसरं मूल होऊ दे. प्रेम आहे. ते नाही म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण एवढ्या मोठ्या पत्रात चिंगीचं नाव कुठेच नाही. मी पुन्हा पुन्हा शोधलं. आणि मूल म्हणजे सरांचा तो दिवा नव्हे रे, आपलं जुळावं म्हणून लावायला.

मी येणार नाही, एवढं सांगायला हे पत्र. रविवारी तू गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन उभा राहशील, म्हणून आजच टाकते आहे. जाऊ नकोस. त्यापेक्षा घरात कुणी नसताना चिंगीला एकदा मोठ्याने हाक मार. उत्तर येत नाही. मी रोज मारते, म्हणून सांगते.

इतक्या लांबूनही तुझीच